मूलनलिका-चिकित्सेची पद्धती आणि उपचारोत्तर वेदना

दाताच्या मुळातील रोगग्रस्त मगज काढून नलिका स्वच्छ करणे व भरून टाकणे, ह्या उपचारास व्यवहारात 'रूट कॅनाल' म्हणतात. वेदनेच्या निवारणार्थच तो केला जातो; असे असता त्यानंतरही काही रुग्णांचा दात का दुखतो? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात्मक अभ्यासात उपचारापूर्वी ८१ टक्के, २४ तासांनंतर ४० टक्के व सात दिवसांनंतर ११ टक्के रुग्णांस वेदना असल्याचे आढळले. म्हणजे ही वेदना बहुधा अल्पकालीन असते.

तिचे एक प्रमुख कारण मुळाच्या टोकाशी आहे. नलिकेत कानस फिरू लागली की दाताचा कीस, मृत ऊतक व जंतू यांचा काही अंश टोकाच्या छिद्रातून पलीकडे ढकलला जातो. तेथील ऊतकांना सूज येते. परंतु सभोवती हाड असल्यामुळे सुजेस पसरण्यास वाव नसतो, आणि चावताना दात ठणकतो.

पद्धतीचे महत्त्व येथेच आहे. हाताची कानस प्रथम टोकापर्यंत नेऊन खालीवर ओढल्यास ती पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे मळ पुढे लोटते. उलट, नलिकेचा वरचा भाग आधी रुंद करून क्रमाने खाली उतरल्यास मळास वर येण्यास वाट मिळते. १९८८ साली पुढे आलेल्या निकेल-टायटॅनियमच्या लवचिक कानशी यंत्राने गोल फिरविल्या असता त्यांच्या मळसूत्री खाचा कीस वर आणतात. तथापि मळ मुळीच पलीकडे जाऊ न देणारी पद्धती अद्याप नाही. भेद केवळ प्रमाणाचा आहे. शिवाय ह्यांपैकी पुष्कळ मोजमापे उपटलेल्या दातांवरील असून जिवंत ऊतकांचा प्रतिरोध तेथे नसतो. नलिकेची लांबी अचूक मोजणे आणि धुण्याच्या द्रावणाची सुई नलिकेत घट्ट न अडकविणे, ह्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या होत. सोडियम हायपोक्लोराइट टोकापलीकडे गेल्यास तीव्र वेदना व सूज उद्भवते.

तुलना करताना अभ्यासकाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, उपचारापूर्वीची वेदना हीच नंतरच्या वेदनेची मोठी सूचक असते. तिची नोंद नसल्यास पद्धतीचे श्रेय वा दोष ठरविणे व्यर्थ होय. दुसरी, वेदनेचा अभाव म्हणजे यश नव्हे. टोकापासून दूरच थांबलेली कानस रुग्णास त्रास देणार नाही. परंतु आत राहिलेले जंतू पुढे रोग पुन्हा उत्पन्न करू शकतात. म्हणून पद्धतीची पारख पहिल्या दोन दिवसांच्या वेदनेवर आणि वर्षानंतरच्या क्ष-किरणचित्रावर, अशी दोहोंवर मिळूनच व्हावयास हवी.