माळवद गेलं, गारवाही गेला

किल्लारीच्या भूकंपाला तीस वर्षं उलटून गेली. लातूर-धाराशिवकडच्या खेड्यांत आता मार्चपासूनच कूलर लागतात, आणि त्या भूकंपाच्या नुकसानीत न मोजलेली एक बाब दर उन्हाळ्यात नव्याने टोचते.

भूकंपाआधी कित्येक पिढ्या घराची रीत एकच होती. दोन-अडीच फुटी दगडी भिंती, लाकडी खांब-तुळयांचे खण, वर फळ्या आणि फूट-दोन फूट मातीचं छत, म्हणजे माळवद. मे महिन्यातलं ऊन त्या मातीतून खाली उतरेपर्यंत दिवस मावळायचा. चुलीचा धूर आणि गरम हवा माळवदाच्या झरोक्यातून निघून जायची.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे हीच घरं कोसळली. सुमारे आठ हजार माणसं गेली. भिंतीचे आतले-बाहेरचे थर सांधणारे आरपार दगड नव्हते. गळती थांबवायला वर्षानुवर्षं चढवलेल्या मातीने छताचं ओझं वाढलं होतं. दोष या बांधणीचा होता, पण विश्वास उडाला तो सरसकट दगडमातीवरून. ज्याने घरची माणसं ढिगाऱ्याखालून काढली, त्याला माळवदाचे गुण कोणत्या तोंडाने सांगणार? पुढच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने ५२ गावं नव्या जागी वसली. इतर गावांत जुन्या भिंती बळकट करायला पैसे मिळाले, तेव्हा अनेकांनी त्यातून नवी पक्की खोलीच बांधली. भूकंपात टिकणारं घर मिळालं, हे श्रेय द्यायलाच हवं. पण आराखडे करणाऱ्यांनी उन्हाचाही विचार करायला हवा होता. चार-पाच इंची उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री झोपलेल्यांच्या अंगावर सोडतो.

नंतरची वर्षं पत्रा, स्लॅब आणि कूलर यांतच गेली. खिडकी बंद ठेवून कूलर लावला की दमट हवेला वाट राहत नाही. अंग चिकचिकतं, वीजबिल तेवढं वाढतं.

२०१८ मध्ये केंद्राने इको-निवास संहिता आणली. छतातून किती उष्णता आत यावी याला मर्यादा घातली; उष्ण-कोरड्या प्रदेशात चटईक्षेत्राच्या किमान १० टक्के भाग उघडणाऱ्या खिडक्या-दारांसाठी ठेवायला सांगितला. पण ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी होती. पंतप्रधान आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळच २५ चौरस मीटर! उन्हाचा मार सर्वांत जास्त ज्यांना, तेच नियमाबाहेर राहिले.

स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा, त्यावर चुन्याचा पांढरा हात, समोरासमोर खिडक्या आणि छतालगत गरम हवा जायला झरोका, एवढं प्रत्येक घरकुलाच्या आराखड्यात सक्तीचं व्हावं आणि त्याचा खर्च अनुदानात धरला जावा.