गोठ्याचं पाणी आणि नत्राची वाट

फ्रान्समधली निम्म्याहून अधिक डुकरं एकट्या ब्रिटनी प्रांतात पाळली जातात. त्यांच्या मलमूत्रातला नत्र शेतांतून ओढ्यांत आणि ओढ्यांतून समुद्रात उतरतो, मग किनाऱ्यावर हिरव्या शेवाळाचे थर साचतात. ते कुजताना विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो. २०११च्या उन्हाळ्यात तिथल्या एका नदीमुखाशी ३६ रानडुकरं मेली. तपासलेल्यांपैकी बहुतेकांच्या शरीरात हाच वायू सापडला.

याच प्रांतातल्या गेर्नेवेझच्या प्रायोगिक वराहशाळेत धुण्याचं पाणी लाकडाच्या ढलप्यांच्या थरावर शिंपडून गाळलं गेलं. थरात गांडुळं सोडली होती. गांडुळं थर भुसभुशीत ठेवतात, हवा खेळती राहते; नत्रावरचं मुख्य काम मात्र ढलप्यांवर वाढलेले जिवाणू करतात.

ते काम जिवंत हातांचं आहे, हे श्लेझिंग आणि म्युन्झ या रसायनशास्त्रज्ञांनी १८७७ साली फ्रान्समध्येच दाखवलं. वाळू आणि चुनखडीने भरलेल्या नळीतून त्यांनी सांडपाणी हळूहळू झिरपू दिलं. वीस दिवस काहीच घडलं नाही. मग अमोनिया जाऊन नायट्रेट दिसू लागलं. जीवजंतूंना निष्क्रिय करणारी क्लोरोफॉर्मची वाफ सोडल्यावर सगळं थांबलं, आणि ती काढून माती कालवलेलं पाणी घातल्यावर पुन्हा सुरू झालं. इतका साधा, इतका निर्विवाद प्रयोग विज्ञानात क्वचितच सापडतो. नळीतली ती चुनखडीही मोलाची होती, कारण अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. ते मारलं नाही तर जिवाणू मंदावतात.

पण नायट्रेट झालं म्हणजे नत्र गेला, असं नाही. वास जातो, नत्र पाण्यातच राहतो. तो घालवायला दुसरे जिवाणू लागतात. प्राणवायू संपला की ते नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायुरूपाने हवेत सोडतात. त्यांना सेंद्रिय कर्बही हवा. म्हणून गाळलेलं पाणी मागे फिरवून ताज्या मलमूत्रात मिसळतात. मला या तंत्रातली ही सर्वांत सुंदर युक्ती वाटते. दुसरा टप्पा अर्धवट राहिला तर नायट्रस ऑक्साइड सुटतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा आहे.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि गोठ्याशेजारी अनेकदा विहीर असते. तेव्हा अशी गाळणी बसवणाऱ्यांनी केवळ अमोनियाच्या आकड्यावर समाधान मानू नये. बाहेर पडणाऱ्या पाण्यातल्या एकूण नत्राचा अहवाल मागून घ्यावा.