शाफ्ट २० मिलिमीटरचाच का? अर्थात, इंटर्नशिपच्या पहिल्या इंटरव्ह्यूची तयारी

माझा पहिला इंटरव्ह्यू बरोबर अकरा मिनिटं चालला. त्यातली चार मिनिटं समोरचे साहेब माझा बायोडाटा वाचत होते. उरलेल्या सात मिनिटांत टीईपर्यंतच्या माझ्या इंजिनिअरिंगचा निकाल लागला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हतीच.

झालं असं, की आदल्या रात्री हॉस्टेलवर रूममेटच्या पेन ड्राइव्हमधून एका सीनियरचा बायोडाटा घेतला, त्यातलं नाव बदललं, फोटो बदलला आणि मेसच्या मागच्या झेरॉक्सवाल्याकडून छान जाड कागदावर प्रिंट मारून आणली. सीनियरला कॅटिया येत होतं, अ‍ॅन्सिस येत होतं. त्यामुळे मलाही ते रातोरात यायला लागलं! साहेबांनी त्या सॉफ्टवेअरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी बोट ठेवलं ते आमच्या मिनी प्रोजेक्टवर. सायकलच्या पेडलवर चालणारा पाण्याचा पंप.

"शाफ्ट किती मिलिमीटरचा घेतला?"

"सर, वीस."

"वीसच का? पंचवीस का नाही?"

"सर, ते... ग्रुपने ठरवलं."

"मग ग्रुपमध्ये तुम्ही काय केलं?"

खरं सांगायचं तर मी रिपोर्टचं बाइंडिंग केलं होतं. ते काही बोलवेना. साहेब रागावले नाहीत, फक्त "ठीक आहे, कळवू" म्हणाले. हे "कळवू" म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी गावाहून वडिलांचा फोन आला, "काय झालं रे?" मी म्हटलं, "मस्त झाला." दिवसभरातलं हे दुसरं खोटं.

असो. त्यानंतरच्या महिनाभरात जी अक्कल आली ती या पानावर वाटून टाकतोय. सेमिस्टर संपलं की तुमच्यापैकी निम्मेजण अशाच खुर्चीत बसणार आहेत.

बायोडाटा म्हणजे प्रश्नपत्रिका

बायोडाटा आपली जाहिरात करतो असं आपल्याला वाटतं. समोरच्याच्या दृष्टीने ती प्रश्नपत्रिका असते, आणि गंमत म्हणजे ती आपणच सेट केलेली असते! म्हणून एकच नियम पाळा. ज्या ओळीवर सलग तीन प्रश्न झेपणार नाहीत, ती ओळ खोडा. एक पान पुरतं. छंदात 'वाचन' लिहिलंत तर शेवटी वाचलेलं पुस्तक आठवलं पाहिजे. एटीकेटी लागली असेल तर लपवू नका. मार्कशीट कधी ना कधी मागतातच. "एम-थ्री राहिला होता, पुढच्या अटेम्प्टला सुटला" एवढं सरळ वाक्य पुरतं.

प्रोजेक्टची उलटतपासणी

माझ्या त्या वीस मिलिमीटरचं उत्तर मला कोणी दिलं असेल? आमच्या वर्कशॉपच्या मामांनी. तोंड पाडून लेथजवळ बसलो होतो. मामांनी विचारलं, मी सांगितलं. ते हसले आणि त्यांनी पंपाचा बेअरिंग माझ्या हातात दिला. "काय लिहिलंय वाच." लिहिलं होतं ६२०४. "शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुण." चार पंचे वीस! बेअरिंगचं आतलं भोक २० मिलिमीटरचं. आमच्या ग्रुपमधल्या एकाने जुन्या बाजारातून दोन ६२०४ बेअरिंग स्वस्तात आणले होते, म्हणून शाफ्ट वीसचा. (शेवटचे आकडे ०४ किंवा पुढचे असतील तेव्हाच हा हिशेब चालतो. त्याखालच्यांचे माप वेगळे असते.)

मग मी डिझाइनचं पुस्तक काढलं. पेडलवर माणूस साधारण किती जोर लावेल ते धरलं, त्यावरून टॉर्क काढला आणि लागणारा व्यास मोजला. तो वीसपेक्षा बराच कमी आला. म्हणजे शाफ्ट सुरक्षित होता, पण गरजेपेक्षा जाड. साहेबांना हवं होतं ते एवढंच! आकडा कुठून आला, तो पुरेसा आहे का, आणि पुन्हा करायचं झालं तर काय बदलाल? तुमच्या प्रोजेक्टमधल्या प्रत्येक आकड्याला हे तीन प्रश्न विचारून पाहा. रूममेटला साहेब करून समोर बसवा. त्याला तुमच्या विषयातलं काही कळत नसेल तर उत्तमच, तो "म्हणजे काय?" असं जास्त वेळा विचारेल.

बेसिक म्हणजे नेमकं काय?

"बेसिक पक्कं करा" हे वाक्य आपण फर्स्ट इयरपासून ऐकतोय. इंटर्नकडून कोणी संशोधनाची अपेक्षा करत नाही. रोज हाताखालून जाणारी गोष्ट तुम्हाला समजली आहे का, एवढंच पाहतात. नमुन्यादाखल:

मेकॅनिकलवाल्यांनो, व्हर्नियरचा लीस्ट काउंट पाठ नको, काढून दाखवता आला पाहिजे. मुख्य पट्टीवरचे ४९ मिलिमीटर व्हर्नियरवर ५० भागांत वाटले असतील, तर एक भाग ०.९८ मिलिमीटरचा. १ वजा ०.९८, म्हणून ०.०२.

ईअँडटीसीवाल्यांनो, ५ व्होल्टवर एलईडी लावायचा आहे, रेझिस्टर कितीचा? एलईडीवर साधारण २ व्होल्ट गेले, उरले ३. करंट १० मिलिअँपिअर हवा तर ३०० ओहम. आता दुकानात सहज मिळतो तो ३३० चा, तो चालेल का? चालेल, करंट थोडा कमी होईल इतकंच. हे शेवटचं वाक्य बोलणारा मुलगा घेतला जातो.

सिव्हिलवाल्यांनो, एम-२० काँक्रीटचं प्रमाण १ : १.५ : ३ हे सगळेच सांगतात. त्यातला २० कशाचा? २८ दिवसांनंतर दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसण्याच्या ताकदीचा.

कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांनो, ॲरे आणि लिंक्ड लिस्ट यांची व्याख्या सांगून भागत नाही. शंभरावा घटक लगेच हवा असेल तर ॲरे, कारण त्याचा पत्ता थेट काढता येतो. लिस्टमध्ये पहिल्यापासून चालत जावं लागतं. पण मधेच घटक घालायचा असेल आणि ती जागा आपल्या हातात असेल, तर लिस्टमध्ये दोन दुवे बदलले की काम होतं. ॲरेमध्ये पुढचे सगळे सरकवावे लागतात.

आणि येत नसेल तर? "सर, हे मला माहीत नाही, पण अंदाज सांगू का?" असं विचारा. दहापैकी दोन प्रश्न न येणं माफ असतं. दोन प्रश्नांची रचलेली उत्तरं मात्र उरलेल्या आठांवर पाणी फिरवतात.

इंग्लिशची भीती

माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे ही दुखती नस मला माहीत आहे. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'साठी चार वाक्यं तयार ठेवा: कुठला, काय शिकतो, कशात हात घातला, इथे का यायचंय. ती बाथरूममध्ये, टेरेसवर, मेसच्या रांगेत मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं इंग्लिश ऐनवेळी तोंडातून बाहेर येत नाही. अडलात तर "मराठीत सांगू का?" असं विचारायला लाजू नका. शॉप फ्लोअरवर तर बोलणं बऱ्याचदा मराठी-हिंदीतच चालतं. मात्र पहिलं वाक्य इंग्लिशमध्ये बोलायचा प्रयत्न जरूर करा.

पिंपरीतला एक जुना इंटरव्ह्यू

आमच्या मुलींना आणि घाबरणाऱ्या सगळ्यांनाच एक गोष्ट सांगतो. १९७४ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकणाऱ्या एका मुलीने टेल्कोची जाहिरात पाहिली. होतकरू इंजिनिअर हवेत, पण स्त्रियांनी अर्ज करू नये, अशी. तिने थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं. काही दिवसांत पुण्याला इंटरव्ह्यूला येण्याची तार आली, प्रवासखर्च कंपनीचा. हॉस्टेलच्या मैत्रिणींनी पुण्याच्या साड्या आणायला प्रत्येकी तीस रुपये तिच्या हातात ठेवले! (हॉस्टेल सगळीकडे सारखंच.) पिंपरीला सहाजणांचं पॅनेल बसलं होतं. तांत्रिक प्रश्नांची उत्तरं तिने दिलीच, पण कारखान्यात आजवर बाई घेतलेली नाही असं सांगितल्यावर, कधीतरी सुरुवात करावीच लागेल, असंही ती म्हणाली. तिची निवड झाली. त्या म्हणजे सुधा मूर्ती. टेल्कोचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की पोस्टकार्डाने फक्त दार उघडलं. आत गेल्यावर प्रश्न तांत्रिकच आले आणि ते तिला येत होते. ओळखीने, वशिल्याने किंवा नशिबाने तुमचंही दार उघडेल. पुढचं आपलं आपण.

इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप आणि दुकानदारी

या दोन शब्दांत गल्लत करू नका. अप्रेंटिसशिप १९६१ च्या कायद्याखाली येते. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात पदवी आणि पदविकाधारकही आले. तिथे रीतसर करार होतो आणि किमान विद्यावेतन नियमाने ठरलेलं असतं. पदवीनंतर तिचा विचार जरूर करा. शिकत असताना आपण करतो ती इंटर्नशिप. एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात तिला जागा मिळाली, तेव्हापासून सर्टिफिकेटला भाव आला, आणि भाव आला की दुकानं उघडतातच. माझ्या एका मित्राने पैसे भरून 'घरबसल्या इंटर्नशिप' घेतली. काही व्हिडिओ आले, सर्टिफिकेट आलं, आणि पुढच्या इंटरव्ह्यूत "तिथे काय केलं?" या प्रश्नाला तो माझ्यासारखाच गप्प बसला. जिथे काम करण्यासाठी आपणच पैसे भरायचे, तिथे शंभर वेळा विचार करा. आधी आपल्या टीपीओ सरांना विचारा.

त्या दिवशी

आदल्या दिवशी पत्ता नकाशावर नीट पाहा. भोसरी नावाने सुरू झालेलं मेट्रो स्टेशन नाशिक फाट्याला आहे, भोसरी एमआयडीसी तिथून बरीच पुढे. हे माहीत नसल्याने आमच्या विंगमधला एकजण घामाघूम होऊन पोचला. चाकणला जायचं तर ट्रॅफिकसाठी तासभर हाताशी ठेवा. इस्त्रीचा साधा शर्ट, बंद बूट (कारखान्यात चपलेवर आत सोडत नाहीत), ओळखपत्र, बायोडाट्याच्या दोन प्रती, पेन. ऑनलाइन असेल तर हॉस्टेलच्या वायफायवर विसंबू नका, मोबाइलचा नेट तयार ठेवा आणि दाराबाहेर चिठ्ठी लावा. नाहीतर बरोबर मोक्याला कोणीतरी बादली मागायला येतं.

शेवटी "काही विचारायचंय?" असं म्हणतील. तेव्हा "नाही सर" म्हणू नका. काम कोणत्या विभागात, कोणाच्या हाताखाली, वेळ काय, विद्यावेतन आहे का, सुरक्षेची साधनं मिळतील का, हे विचारणं उद्धटपणा नाही.

दुसरा इंटरव्ह्यू

महिन्याने भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात गेलो. एसी केबिन नाही, मालक काका स्वतःच मशीनपाशी उभे. बायोडाटा बाजूला ठेवून त्यांनी एक शाफ्ट आणि व्हर्नियर पुढे केलं. "मोज." मामांनी शिकवलं होतं तसं मी आधी जबडे मिटवून शून्याला शून्य जुळतंय का ते पाहिलं. जुळत नव्हतं, दोन रेघांचा फरक होता. तो वजा करून माप सांगितलं. काकांनी मान हलवली. "आणि हा पंपाचा प्रोजेक्ट, यात तू काय केलंस?"

म्हटलं, "काका, खरं सांगतो. तेव्हा फक्त बाइंडिंग केलं होतं. हिशेब नंतर केला, एका इंटरव्ह्यूत आपटल्यावर." आणि ६२०४ ची सगळी कथा सांगितली. काका मोठ्याने हसले. "सोमवारपासून ये. बूट घालून."

संध्याकाळी वडिलांना फोन केला. आधी पहिल्या इंटरव्ह्यूचं खरं सांगितलं आणि मग दुसऱ्याचं. क्षणभर ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पहिलं तुझ्या आवाजावरनंच कळलं होतं."

त्या कारखान्यात सहा आठवडे काढले. आठवड्याला दोन जोड कपडे तेलात गेले आणि डिझाइनचं पुस्तक पहिल्यांदा कळायला लागलं. पेढ्यांचा बॉक्स घेऊन मामांकडे गेलो, तर त्यांनी एक पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "६३०५ चं भोक किती?"

तुम्हाला येतंय ना उत्तर? मग निघा. शुभेच्छा!