स्क्रूच्या दाताआधी हिरडी

उजनीच्या पाण्यावर माढा-करमाळ्यात ऊस आला, हातात पैसा आला. कित्येक घरांतली सकाळची मिसरी मात्र सुटली नाही. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरड्यांना चोळायची. तरतरी येते, ठणकाही दबल्यासारखा वाटतो. धोका इथेच आहे. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हिरडीतून रक्त येणे ही रोगाची पहिली खूणच झाकली जाऊ शकते. आत दातांवरच्या किटणाखाली जिवाणू वाढतात, शरीर त्यांच्याशी झगडते आणि त्या झगड्यात दाताभोवतीचे हाड झिजते. फारसे दुखत नाही, म्हणून कोणी दाखवत नाही. कडक भाकरी आमटीत कुस्करूनही चावेनाशी झाली की मग दवाखाना आठवतो. तोवर दात गाळात रोवलेल्या काठीसारखे हलत असतात.

पूर्वी यावर कवळी हाच उपाय होता, आता जबड्याच्या हाडात बसवायचे स्क्रूचे दात (इम्प्लांट) आले. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क १९५२च्या सुमारास सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची कुपी काढू गेले तर निघेना. हाडाने तिला घट्ट धरले होते. १९६५मध्ये गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसले आणि ते २००६मध्ये वारले तोवर टिकले.

पण हा चमत्कार हाडावर उभा आहे, आणि हिरडीच्या रोगाने खाल्लेले असते ते हाडच. वरच्या दाढांच्या जागी तर अनेकदा सायनसची पोकळी इतकी खाली आलेली असते की आधी हाडाची पूड भरावी लागते. शिवाय खऱ्या दाताभोवतीचे तंतू मुळात शिरलेले असतात. स्क्रूभोवती ते नुसते वेढून राहतात. तोंडात जुना रोग तसाच असेल, तर जिवाणूंना स्क्रूच्या कडेने आत उतरणे सोपे जाते. म्हणून आधी किटण काढून हिरड्या बऱ्या करायच्या, रक्तातली साखर आटोक्यात आणायची, मिसरी बंद करायची. हे न पाहता पहिल्याच भेटीत स्क्रूचा भाव सांगणाऱ्या डॉक्टरपासून जरा लांबच राहिलेले बरे.

हाडाने स्क्रू घट्ट धरायला साधारण तीन ते सहा महिने जातात. स्क्रूच्या दाताला कीड लागत नाही, पण भोवतालच्या हिरडीला रोग लागतो. त्यामुळे साफसफाई आणि तपासणीच्या फेऱ्या कायमच्या. म्हणून जवळच टेंभुर्णीत सोय होत असेल, तर उगाच पुण्याचा नाद करू नये.