इमारत हाच पहिला धडा

विजेची बचत शिकवणारा एक वर्ग मी भर एप्रिलमध्ये पाहिला. वर पत्रे, पश्चिमेला मोठ्या खिडक्या. ऊन नको म्हणून त्या झाकलेल्या, त्यामुळे भर दुपारी दिवे चालू. डोक्यावर पंखे गरगरताहेत आणि खाली पोरे घामाघूम! फळा एक सांगत होता आणि भिंती दुसरेच.

सौर पंप, पॅनेल, बायोगॅस यांचे काम शिकवणारे विद्यालय आपल्याकडे बांधायचे झाले, तर आराखडा कसा असावा?

पहिली गोष्ट दिशेची. आमचे पिंपळगाव राजा सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला ४६ अंशांपर्यंत उतरतो. एप्रिलच्या मध्याला तो ७९ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा काढला, तर माध्यान्ही त्याची सावली हिवाळ्यात जेमतेम दोन फूट उतरते आणि एप्रिलमध्ये दहा फूट. म्हणजे ऊन हवे तेव्हा आत, नको तेव्हा बाहेर. पश्चिमेचे तिरपे ऊन मात्र छज्ज्याला जुमानत नाही. म्हणून इमारत पूर्व-पश्चिम लांब असावी, वर्गांच्या खिडक्या उत्तर-दक्षिणेला असाव्यात आणि पश्चिमेला जिना व कोठीची खोली.

दुसरी गोष्ट भिंतीची. आपली मातीची धाब्याची घरे आठवा. दिवसाची उष्णता जाड भिंतीतून आत पोचेपर्यंत रात्र व्हायची आणि तोवर माणसे धाब्यावर झोपायला गेलेली असायची. विद्यालय तर दिवसाच भरते!

तिसरी गोष्ट गच्चीची. पॅनेल दक्षिणेकडे साधारण वीस अंश कलते हवे आणि खालून वारा खेळता हवा. कारण पॅनेल एक अंशाने तापले की वीज सुमारे ०.४ टक्क्याने घटते. गच्चीवर मुलांना नेण्यासाठी रुंद जिना आणि कठडा हवाच. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या भारित होताना हायड्रोजन सोडतात. तो हलका असल्याने छताशी साचतो. म्हणून बॅटरीच्या खोलीला झरोके अगदी वर ठेवावेत.

पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे ऊर्जा-पर्यावरण हा विषय मुले हाताने काम करून शिकतात. त्रिकोणांच्या सांगाड्यावर उभे केलेले घुमट ही त्या आश्रमाची ओळख. गोलाकाराला तेवढ्याच जागेसाठी पृष्ठभाग कमी लागतो, हे तिथे छतच सांगते.

गझलेत मतला ठरला की पुढचे शेर त्यालाच बांधलेले. इमारतीत तो मान दिशेचा. कागदावर दिशा बदलायला पैसा लागत नाही. बांधून झाल्यावर मात्र त्या चुकीचे बिल दरमहा भरावे लागते. आपली पोरे उद्या गावोगाव पॅनेल बसवतील, स्वतःची घरेही बांधतील. ती कशी बांधतील, हे आज ती कोणत्या छताखाली बसतात यावरच ठरणार आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)