गर्तेतून उठणारा पंचम

मे १५२४. जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहराच्या बाजारपेठेत सम्राट ऑटोच्या पुतळ्यापाशी एक गरीब, म्हातारा विणकर उभा होता. हातात छापील कागद. तो त्यावरची गाणी लोकांना गाऊन दाखवी आणि ऐकणाऱ्याला कागद विकत देई. सकाळची मिस्सा आटोपून परतणाऱ्या नगराध्यक्षाने ती गर्दी पाहिली. गाणी रोमन चर्चला आव्हान देणाऱ्या मार्टिन लुथरची आहेत असे कळताच त्याने म्हाताऱ्याला कोठडीत टाकले. बातमी पसरली, तसे दोनशेच्या आसपास नागरिक नगरभवनावर चालून गेले आणि त्यांनी विणकराला सोडवून आणले.

त्या कागदावरच्या दोन गाण्यांपैकी एक होते ‘आउस टीफर नोट’. खोल संकटात सापडलेल्या माणसाने देवाला मारलेली ही हाक. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतील १३० व्या स्तोत्राचे लुथरने केलेले हे पद्यरूप गेली पाचशे वर्षे जर्मन चर्चमध्ये गायले जाते. वाल्टर, बाख, मेंडेल्सन अशा पिढ्यापिढ्यांच्या संगीतकारांना ते पुन्हा पुन्हा हाताशी घ्यावेसे वाटले. माझ्या मते त्याचे कारण चालीच्या पहिल्या आठ स्वरांतच आहे. पण आधी शब्दांकडे वळू.

मूळ हिब्रू स्तोत्र जेमतेम आठ ओव्यांचे. मध्ययुगीन चर्चने त्याला पश्चात्तापाच्या सात स्तोत्रांत बसवले होते आणि मृतांसाठीच्या प्रार्थनेतही ते म्हटले जाई. ऑगस्टिनियन मठात घडलेल्या लुथरला ते लॅटिनमधून तोंडपाठ असणार. १५१७ च्या वसंतात, म्हणजे चर्चवर टीका करणारे त्याचे ९५ मुद्दे गाजण्याच्या काही महिने आधी, त्याने या सात स्तोत्रांचे जर्मन भाषांतर विवेचनासह छापले होते. या स्तोत्राशी त्याचे नाते असे जुने होते.

१५२३ च्या अखेरीस त्याने जॉर्ज श्पालाटिन या मित्राला पत्र लिहिले. श्पालाटिन हा सॅक्सनीचा अधिपती फ्रीडरिख याचा सचिव. सामान्य लोकांना गाता येतील अशी स्तोत्रगीते जर्मनमध्ये हवीत, तूही काही लिही, असा लुथरचा आग्रह होता. दरबारी थाटाचे नवे शब्द नकोत. साधे, रोजच्या वापरातले, तरीही शुद्ध आणि नेमके शब्द घ्यावेत आणि स्तोत्राचा भाव सुटू देऊ नये, अशी त्याची अपेक्षा होती. सोबत त्याने स्वतःचा एक नमुना जोडला. तो नमुना म्हणजे हेच गीत असावे, असे अभ्यासक मानतात.

लगोलग १५२४ मध्ये न्यूरेंबर्गला निघालेल्या आठ गाण्यांच्या चोपडीत ते छापले गेले, पण तिथे ते चार कडव्यांचे होते आणि दुसऱ्याच एका गीताच्या चालीवर गायचे होते. त्याच वर्षी विटेनबर्गला योहान वाल्टरचे गीतपुस्तक आले. त्यात कडवी पाच झाली. लुथरने दुसरे कडवे उकलून त्याची दोन केली होती. भर कुठे घातली हे पाहण्यासारखे आहे. मूळ स्तोत्रात क्षमेची याचना आहे. लुथर तिथे थांबून सांगतो की माणसाची चांगली कृत्येही तिथे कामी येत नाहीत, कृपाच लागते. त्याच्या सगळ्या धर्मविचाराचा गाभा एका लोकगीताच्या मापात बसला. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांशी जुळणारी म्हणून ज्या चार स्तोत्रांना तो ‘पौलाची स्तोत्रे’ म्हणे, त्यांत १३० वे होते.

आता ती चाल. तीही लुथरचीच मानली जाते. युरोपीय संगीतात तिच्या स्वरसप्तकाला फ्रिजियन म्हणतात. आपल्या कानांना ते परके नाही: रिषभ, गांधार, धैवत, निषाद चारही कोमल, म्हणजे भैरवी थाटाचेच स्वर. आधारस्वराला षड्ज धरले तर पहिली ओळ अशी येते: प, सा, प, कोमल ध, प, कोमल ग, म, प. आठ अक्षरे, आठ स्वर. पेटीवर वाजवून पाहा. पंचमावरून थेट षड्जापर्यंत उडी, आणि ती उडी ‘खोल’ या अर्थाच्या शब्दावरच पडते. लगेच तितकीच उडी वर. मग संकटवाचक शब्दावर कोमल धैवत, पंचमाला अर्ध्या सुराने घासून जाणारा. पुढे कोमल गांधारापर्यंत उतरून ओळ पुन्हा पंचमावर येऊन टेकते. खाली जाणे आणि वर येणे दोन्ही पहिल्या तीन स्वरांतच उरकले. म्हणून हे नुसते शोकगीत ठरत नाही. पहिल्या दोन ओळींची चाल परत येते, मग तीन नव्या ओळी. सात ओळींचे हे कडवे लुथरला फार प्रिय होते.

याच शब्दांना स्ट्रासबुर्गकडून आलेली दुसरी एक उजळ चालही आहे आणि आजच्या जर्मन प्रॉटेस्टंट गीतपुस्तकात दोन्ही शेजारी छापतात. उजळ चाल गायला सोपी, मंडळीला सोयीची. तरी गीताचा जीव पहिल्या चालीत आहे, असे मला ठामपणे वाटते.

गाणे फार लवकर मृत्यूच्या प्रसंगांशी जोडले गेले. मे १५२५ मध्ये अधिपती फ्रीडरिख वारला. ज्याच्या सचिवाकडे बहुधा हाच नमुना पाठवला होता, त्याच अधिपतीच्या विटेनबर्गमधल्या दफनविधीत ते गायले गेले. १८ फेब्रुवारी १५४६ रोजी आइस्लेबेनला लुथरने प्राण सोडला. विटेनबर्गच्या वाटेवर त्याचे शव हाले शहरात रात्रभर ठेवले होते. चर्चमध्ये जमलेल्या लोकांनी हेच गीत म्हटले. गाण्यापेक्षा रडणेच अधिक झाले, असे तिथल्या नोंदींत आहे.

वाल्टरच्या पुस्तकात चाल मधल्या ‘टेनर’ आवाजाकडे असते आणि इतर आवाज तिच्याभोवती विणले जातात. तरुणांना प्रेमाच्या उथळ गाण्यांऐवजी काही चांगले गायला मिळावे, हा हेतू लुथरने त्याच्या प्रस्तावनेत सांगितला आहे. पुढच्या दोन शतकांतल्या रचना मी इथे ओलांडतो, कारण बाखपाशी जास्त थांबायचे आहे.

२९ ऑक्टोबर १७२४ रोजी लाइप्झिगमध्ये बाखची या गीतावरची कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची रचना, पहिल्यांदा गायली गेली. आज तिला ३८ वा क्रमांक आहे. त्या काळाच्या मानाने जुनाट झालेली, सोळाव्या शतकातली गायनशैली बाखने पहिल्या समूहगानासाठी मुद्दाम निवडली. प्रत्येक ओळ खालचे आवाज आधी आळीपाळीने उचलतात आणि मग वरच्या आवाजात ती लांब स्वरांत अवतरते. चार ट्रॉम्बोन गायकांच्या चारही आवाजांना साथ देतात, त्यामुळे नादाला दगडी इमारतीचा भारदस्तपणा येतो. पुढे सोप्रानो या सर्वांत उंच आवाजाच्या गद्यवजा गायनाखाली मंद्र वाद्यांतून तीच चाल सरकत राहते. वर शंका, खाली विश्वास. शेवटच्या साध्या समूहगानाची सुरुवातच बाख कानाला टोचणाऱ्या स्वरमेळाने करतो. शांत शेवटाची अपेक्षा ठेवून बसलेला श्रोता तिथे दचकतो.

पंधरा वर्षांनी, १७३९ मध्ये, बाखने ऑर्गनसाठी रचनांचा एक मोठा संग्रह छापला. लुथरच्या धर्मप्रश्नोत्तरीतील सहा विषयांसाठी त्यात सहा गीते आहेत. पापकबुलीसाठी अर्थातच हे. प्रत्येक गीत दोनदा, एक मोठी रचना आणि एक लहान. मोठीत सहा स्वतंत्र आवाज आहेत. त्यांपैकी चार आवाज हातांकडे आणि दोन आवाज पायांकडे. डावा पाय एक आवाज वाजवतो, त्याच वेळी उजवा पाय मूळ चाल लांब स्वरांत ओढत नेतो. वादकाच्या देहाचीच ही कसोटी. लहान रचनेत पायांना काम नाही, पण विणकाम तितकेच दाट आहे.

(बाखच्या १३१ व्या कँटाटाशी घोटाळा करू नये. तरुणपणी, १७०७ मध्ये, म्यूलहाउझेनला लिहिलेली ती रचना याच स्तोत्रावर आहे, पण बायबलमधल्या गद्यपाठावर. लुथरचे गीत तिच्यात नाही.)

मेंडेल्सन ज्यू घराण्यात जन्मला आणि लहानपणी त्याचा प्रॉटेस्टंट पंथात बाप्तिस्मा झाला. १८३० मध्ये इटलीच्या वाटेवर व्हिएन्नात फ्रांत्स हाउझर या मित्राने त्याला लुथरच्या गीतांचे पुस्तक दिले. ते सोबत घेऊन तो इटलीला गेला आणि कॅथलिक चर्चांच्या त्या देशात बसून त्याने हे गीत समूहगानासाठी रचले. बाखचा अभ्यास त्यात जागोजागी दिसतो.

त्याच्या तिसऱ्या ऑर्गन सोनाटाची गोष्ट अधिक हृद्य आहे. १८२९ मध्ये बहीण फानीच्या लग्नासाठी त्याने मिरवणुकीचे संगीत योजले होते. लंडनमध्ये घोडागाडीच्या अपघातात गुडघा दुखावल्याने तो लग्नाला पोहोचू शकला नाही. फानी स्वतः उत्तम संगीतकार. आपल्या लग्नाचे काही संगीत तिने स्वतःच लिहिले. १८४५ मध्ये सोनाटा छापताना मेंडेल्सनने लग्नाची ती भारदस्त धून पहिल्या भागाच्या सुरुवातीला आणि शेवटाला ठेवली आणि दोहोंच्या मध्ये, पायांच्या पट्ट्यांवर, ‘आउस टीफर नोट’ आणले. वर फ्यूग, म्हणजे एकच धून आवाजांनी एकामागून एक उचलण्याची रचना, धावत, दाटत जाते आणि तळाशी ही चाल ठाम पावलांनी चालते. असे त्याने का केले, यावर अभ्यासकांनी बरेच तर्क केले आहेत. मला तरी त्यात विसंगती वाटत नाही. ज्या सुरावटीत पडणे आणि उठणे एकाच श्वासात आहे, ती आनंदाच्या घरातही शोभते.

ऐकायचे असेल तर क्रम असा ठेवा. आधी मंडळीने एका आवाजात गायलेली नुसती चाल, पहिले आठ स्वर तोंडात बसेपर्यंत. मग बाखची ३८ वी कँटाटा, मग सहा आवाजांची ऑर्गनरचना, शेवटी मेंडेल्सनचा सोनाटा. एका संध्याकाळी सगळे ऐकून होते. आणि ज्या गाण्यासाठी माग्डेबुर्गच्या विणकराला कोठडी मिळाली, ते आज जर्मनभाषक कॅथलिकांच्या अधिकृत गीतपुस्तकातही छापलेले आहे.