तांब्याच्या पत्र्यातलं पाणी

हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात उन्हाळ्यात हळदीचं बीट, म्हणजे लिलाव, चालू असताना एक गोष्ट हमखास दिसते. कुणी ढिगाचा फोटो काढून घरी पाठवत असतो, कुणी भाव कळवत असतो आणि मधेच हातातला फोन काम थांबवतो. फोन तापला आहे, थंड होऊ द्या, एवढीच सूचना पडद्यावर राहते. एका शेतकऱ्यानं असा फोन रुमालात गुंडाळून पाण्याच्या जारला टेकवून ठेवलेला पाहिला, तेव्हा वाटलं की या यंत्रात उष्णता बाहेर काढायची काहीतरी सोय असणारच. मग ती इथं का पुरत नाही?

हे विचारायला बाजारातल्या मोबाईल दुरुस्तीच्या एका गाळ्यात गेलो. दुकान चालवणारा मुलगा पंचविशीतला असेल. टेबलावर सूक्ष्मदर्शक, हॉट एअरची बंदूक, चिमटे, स्क्रूंचे चुंबकी पाट आणि सगळ्यावर फ्लक्सचा राळेसारखा वास. तो वास कपड्यांना लागून घरापर्यंत आला. त्यानं गेम खेळायचा एक महागडा फोन उघडला होता. पडदा निघाला, स्क्रू निघाले, बोर्ड बाजूला झाला आणि खाली तळहाताएवढा तांब्याचा पत्रा दिसला.

“हा व्हेपर चेंबर. जाडी बघा सर, पॉइंट चार.”

०.४ मिलिमीटर. दिवसभरात त्याच्या तोंडी हा आकडा पुन्हा पुन्हा आला. त्याच्याकडे एक निकामी पत्रा कापून ठेवलेला होता. सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर कळलं की तो एक पत्रा नाहीच. वर एक, खाली एक आणि मधे पोकळी. पोकळीच्या एका बाजूला तांब्याची बारीक जाळी आणि ठिकठिकाणी ठिपक्यांएवढे खांब. या पोकळीतून हवा काढून टाकतात, शुद्ध पाण्याचे काही थेंब ठेवतात आणि कडा कायमच्या बंद करतात. याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रकल्पासाठी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या व्हायच्या आहेत. हवा काढून घेतलेली जागा इथं एका फोनच्या पोटातही आहे, हे त्या टेबलापाशी बसून फार नवलाचं वाटलं.

हवा का काढायची? दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं. हवेच्या दाबाच्या सुमारे चौदाव्या हिश्शाला ते ४० अंशांनाच उकळतं. चिपवरची बाजू तापली की तिथलं पाणी वाफ होतं, वाफ थंड बाजूला धावते, तिथं पुन्हा पाणी होऊन उष्णता सोडते. वसमतकडे हळद वाफेवर शिजवतात तेही याच बळावर: जाळ एका टाकीखाली आणि शिजतात नळीनं जोडलेल्या दुसऱ्या ड्रममधले कंद, कारण एक ग्रॅम वाफ पाणी होताना दोन हजारांहून जास्त ज्यूल उष्णता देऊन जाते. फरक इतकाच की तिथं निथळलेलं पाणी वाहून जातं. फोनमध्ये तेच पाणी चिपपाशी परत यावं लागतं, पंपाशिवाय, फोन उभा असो की आडवा.

ते परत आणते जाळी, केशाकर्षणानं. आराखडा करणाऱ्याची खरी परीक्षा इथं आहे. जाळीची छिद्रं बारीक केली तर ओढ वाढते, पण पाण्याला घर्षणही वाढतं. मोठी केली तर पाणी सहज वाहतं, पण ओढ कमी पडते. ओढ पुरली नाही की चिपखालची जाळी कोरडी पडते आणि पत्रा आपलं काम सोडतो. खांबांचंही तसंच. बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलोच्या भारानं पत्रा दाबत असते. खांब कमी तर तो चेपतो, जास्त तर वाफेची वाट अडते.

आणि त्यात जाडी पॉइंट चार. दोन्ही पत्रे आणि जाळी वजा केली की वाफेला उरतो केसाच्या जाडीशी तुलना व्हावी एवढा मार्ग. ही वाट निम्मी केली तर तेवढीच वाफ नेताना अडथळा आठपट होतो. फोन पातळ दिसावा म्हणून ही किंमत मोजली जाते, आणि मला ती चुकीची वाटते.

कल्पना तशी जुनी. जनरल मोटर्समधल्या रिचर्ड गॉगलर यांना १९४४ मध्ये याच तत्त्वावर चालणाऱ्या नळीचं अमेरिकन पेटंट मिळालं. १९६३ मध्ये लॉस अ‍ॅलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती नव्यानं घडवली आणि तिला हीट पाइप हे नाव मिळालं. पुढं उपग्रहांत ती वापरली गेली. चपटी होत होत ती फोनमध्ये आली आणि २०२५ मध्ये आयफोन १७ प्रोमध्येही.

मुलानं मग जे दाखवलं ते डोक्यातून जात नाही. स्टीलच्या पेल्यात गरम पाणी घेतलं. चांगल्या पत्र्याचं एक टोक त्यात बुडवलं आणि दुसरं टोक मला धरायला दिलं. हात मागे घ्यावा लागला, इतक्या लगेच ते तापलं. मग दुसरा पत्रा दिला, दिसायला अगदी तसाच. तो धरून मी उभाच राहिलो. टोक जेमतेम कोमट.

“याला बारीक पोचा आलाय, आत हवा शिरलीय. आता नुसतं तांबं.”

पोचा आला आहे हे फोन कुठं सांगत नाही. गिऱ्हाईक म्हणतं बॅटरी खराब, सॉफ्टवेअर खराब. ओळखतो तो हा मुलगा, पेला आणि बोटं घेऊन. बोर्डवरचं सोल्डर वितळवण्याआधी पत्रा काढूनच ठेवावा लागतो, हेही तो अनुभवानं शिकला आहे. २२० अंशांना आतल्या पाण्याच्या वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे २३ पट होतो आणि पत्रा फुगून फाटतो.

पण चांगला पत्रासुद्धा यार्डात हरतो, आणि ते समजून घ्यायला मला त्याच्याशी बराच वेळ बोलावं लागलं. पत्रा उष्णता पसरवतो, संपवत नाही. शेवटी ती फोनच्या पाठीवरून हवेत जायची असते. पाठ ४५ अंशांपुढं गेली तर हातात धरवत नाही. खोली २५ अंशांची असेल तर मधे २० अंशांची उतरण आहे. ढोबळ हिशेबानं फोन तेव्हा चारपाच वॉट बाहेर टाकू शकतो. हिंगोलीत ४२ अंश असतील तर उतरण उरते ३ अंशांची, म्हणजे एक वॉटसुद्धा नाही. फोन उन्हात धरला तर प्रकरण उलटंच होतं. भर दुपारी काळ्या पाठीवर पडणारं ऊन दहा वॉटच्या आसपास भरतं, चिपच्या स्वतःच्या उष्णतेपेक्षा जास्त. पत्र्याला आत-बाहेर कळत नाही. जी बाजू तापेल तिथली उष्णता तो थंड बाजूला नेतो, मग ती बाजू चिपची का असेना.

अ‍ॅपल आपले फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरायला सांगतं. मराठवाड्यात एप्रिल आणि मे महिन्यांत दुपारी ३५ अंश कुठं शोधायचे? पैसे, सातबारा, बाजारभाव, सगळं ज्या फोनवर आणून ठेवलं तो फोन इथल्या दुपारी चालला पाहिजे, ही अपेक्षा जास्तीची नाही.

“पॉइंट चारचं पॉइंट सहा केलं तर कुणाला खिशात जड होणार आहे?” मुलानं विचारलं. वाढलेली सगळी जागा वाफेला दिली तर आतला अडथळा अनेक पटींनी घटेल आणि वजन फारसं वाढणार नाही. त्यानं ४२ अंशांची हवा बदलणार नाही, हे त्यालाही कळतं. पण इतक्या थोड्या उतरणीवर पाठीचा प्रत्येक चौरस सेंटिमीटर सारखा तापला, तरच त्या एका वॉटच्या आतली उष्णता तरी पुरी बाहेर पडते. पातळ पत्रा भार वाढला की मधेच तापतो आणि कडांना थंडच राहतो. यार्डातून आलेल्या फोनची पाठ तो आधी बोटांनी चाचपतो ती याचसाठी: मधे चटका आणि कडा गार लागल्या, की पत्रा बाहेर काढून पेल्यात बुडवायचा.